पेंढ्यावरचं पाणी

बर्फाचा तो तुकडा माझ्या तळहाताएवढा होता आणि त्यातून आरपार दिसत होतं. मैदानाबाहेर सगळीकडे जो बर्फ होता तो दुधी होता. हिम पडतं, बुटांखाली दाबलं जातं, दुपारी थोडं पाघळतं, रात्री पुन्हा गोठतं; या सगळ्यात हवा अडकून राहते, म्हणून तो पांढुरका दिसतो. उत्तरेच्या गोलसमोरचा हा बर्फ मात्र खिडकीच्या काचेसारखा होता. त्याच्या मधोमध पेंढ्याची एक काडी आडवी पडली होती. ती बर्फाच्या वर नव्हती, खालीही नव्हती. आत होती.

मी तो तुकडा उचलून रुमालात धरला. पर्समध्ये टाकला नाही, पर्समध्ये ऊब असते.

"काय सापडलं?" विल्फनं विचारलं. तो गोलरेषेवर उभा राहून टाच जमिनीत रोवून बघत होता. टाच रुतत नव्हती, नुसती घसरत होती.

"नंतर सांगते. आधी बाकीचं मैदान बघ."

विल्फ ॲस्पिनॉल माझा नवरा. इंग्लिश फुटबॉलच्या पहिल्या डिव्हिजनमध्ये तो दहा हंगाम रेफ्री होता. वयाची अट आली तेव्हा थांबला. पण सामन्याचा नेमलेला रेफ्री लांबून, दुपारच्या गाडीनं येणार असतो, तेव्हा मैदान खेळण्याजोगं आहे की नाही हे सकाळीच कुणीतरी गावातल्या जाणत्या माणसानं ठरवावं लागतं. कॅल्डरबीत तो माणूस म्हणजे विल्फ. त्याला गाडी चालवता येत नाही, म्हणून मी नेते. रेफ्रीला दिसत नाही म्हणून बायको गाडी हाकते, असं फिश-चिप्सच्या रांगेत म्हणतात. विल्फही हसतो. त्याचा भरवसा टाचेवर, माझा थर्मामीटरवर. मी मुलींच्या शाळेत रसायनशास्त्र शिकवते. जमिनीत खुपसायचा लांब थर्मामीटर तिथलाच.

त्या हंगामात, म्हणजे बासष्ट-त्रेसष्टमध्ये, त्याला जवळपास दर शनिवारी बोलावणं आलं. नाताळच्या दुसऱ्या दिवशी जे हिम पडलं ते मार्च उजाडला तरी हटलं नव्हतं. सामन्यांमागून सामने पुढं ढकलले गेले. सामन्यांच्या निकालांवर सट्ट्याची कुपनं भरणाऱ्यांची पंचाईत होऊ नये म्हणून लंडनमध्ये काही जुनी मंडळी खोलीत बसून न झालेल्या सामन्यांचे निकाल ठरवत होती. माझा भाऊ क्लेम ऑर्मरॉड म्हणायचा, "हा आपला सगळ्यात चांगला हंगाम. खोलीत आपण कधीच हरत नाही."

मैदानावर आपण हरत होतो. गुणांच्या तक्त्यात कॅल्डरबी टाउन खालून दुसरं होतं. मॅनेजर पर्सी डक्सबरीला संचालकांनी अखेरची संधी दिली होती, आणि ही गोष्ट खाटकाच्या दुकानापासून चर्चच्या पायरीपर्यंत सगळ्यांना माहीत होती: आज लंडनवाल्यांकडून हरला तर सोमवारच्या बैठकीत त्याची रवानगी. त्याच्या संघातली पाच पोरं तापानं अंथरुणात होती. पुढच्या आठवड्यात गोल मारणारा नवा सेंटर फॉरवर्ड येणार होता. तेव्हा आजचा सामना न होणं, एवढंच डक्सबरीला हवं होतं.

आणि मला डक्सबरी कचाट्यात हवा होता. बरीच वर्षं.

सकाळी निघताना क्लेम टोस्टला लोणी लावत बसला होता. तो आमच्याकडेच असतो, पुढच्या खोलीत रेडिओ दुरुस्त करतो. "विल्फ," तो म्हणाला, "फारच बर्फ असला तर मला बोलवा. माझा एकच पाय गारठतो, मी जास्त टिकतो." विल्फ हसला नाही. क्लेमच्या या विनोदांवर तो कधीच हसत नाही.

क्लेमचा डावा पाय गुडघ्याखाली लाकडाचा आहे. पन्नास सालच्या फेब्रुवारीत तो एकोणीस वर्षांचा होता आणि कॅल्डरबीच्या राखीव संघात खेळत होता. मैदान असंच दगडासारखं. पूर्वार्धात टक्कर झाली, नडगीला लागलं. डक्सबरी तेव्हा राखीव संघाचा ट्रेनर होता. बादली आणि ओला स्पंज घेऊन धावला. आता हे समजून घ्यायला हवं की आमच्याकडे बदली खेळाडू नसतो. अकरा उतरतात, अकरांनीच संपवायचं. कुणी जायबंदी झाला तर त्याला डाव्या विंगवर, म्हणजे मैदानाच्या डाव्या कडेला, नेऊन उभा करतात, म्हणजे निदान समोरचा एक माणूस त्याच्यावर नजर ठेवण्यात अडकतो. अशा खेळाडूला लोक ‘प्रवासी’ म्हणतात. गाडीत बसलाय, ढकलत नाहीये, असा. सगळे हसतात, आणि शेवटी त्याच्यासाठी टाळ्याही वाजवतात.

क्लेम अख्खा उत्तरार्ध प्रवासी होता. हाडाला आधी फक्त चीर होती. उत्तरार्धानंतर ते दोन तुकड्यांत होतं, आणि कातडीतून बाहेर आलेलं. महिनाभरात पाय कापावा लागला. क्लबनं चौकशी केली, एका दुपारची. डक्सबरी म्हणाला, मी त्याला नको म्हटलं होतं, पोरगाच हट्टानं उतरला. क्लेम तेव्हा इस्पितळात तापात बरळत होता. डक्सबरीचं म्हणणं मान्य झालं आणि क्लबनं क्लेमला एक ब्लँकेट आणि सही केलेला चेंडू पाठवला.

त्या दिवशी डाव्या कडेला झेंडा धरून लाइनमन होता विल्फ.

तो संत्री घेऊन इस्पितळात आला, आणि जिन्यात उभं राहून त्यानं मला सगळं सांगितलं. क्लेम म्हणाला होता, हाड हललंय. डक्सबरी म्हणाला होता, "हललंय तर हलू दे. लंगडा असलास तरी अकरावा आहेस. जा, उभा राहा." विल्फ दोन पावलांवर होता. चौकशीत त्याला कुणी काही विचारलं नाही आणि त्यानं आपणहून काही सांगितलं नाही. "बोलेन," तो जिन्यात म्हणाला, "योग्य वेळ बघून बोलेन." दीड वर्षानं आम्ही लग्न केलं. तो भला माणूस आहे, म्हणून केलं. साक्षीदार घरातच असावा, असंही माझ्या मनात होतं; ते मी त्याला सांगितलेलं नाही.

तेव्हापासून डक्सबरी ट्रेनरवरून मदतनीस मॅनेजर झाला, मग मॅनेजर. त्याची मुलगी आमच्या शाळेत आली, माझ्याच वर्गात. मी तिला तिच्या लायकीचे गुण दिले, एकही कमी नाही. माझा दिवस येईल तेव्हा हात स्वच्छ असायला हवे होते.

"मिसेस ॲस्पिनॉल," मागून आवाज आला. "आज शाळेला सुट्टी वाटतं? आमच्या मैदानाची परीक्षा घ्यायला आलात?"

डक्सबरी उंटाच्या रंगाचा कोट घालून, खेळाडू मैदानात येतात त्या बोगद्यातून बाहेर येत होता. चेहरा रात्रभर न झोपल्यासारखा, पण दाढी नीट केलेली.

"तोंडी परीक्षा आहे," मी म्हटलं.

तो मोठ्यानं हसला. "विल्फ, लेका, तू घरी कसा राहतोस रे? मला तर पाच मिनिटांत घाम फुटला, आणि तोही असल्या थंडीत." त्यानं विल्फच्या खांद्यावर हात टाकला. "बघ बाबा, मी काही बोलत नाही. निर्णय तुझा. पण त्या गोलसमोर मी स्वतः आपटणार होतो मघाशी. कुणाचं तरी डोकं फुटेल तिथं."

"बघतोय," विल्फ म्हणाला.

"बघ, बघ. आणि क्लेम कसा आहे? त्याला म्हणावं, कधीही ये सामन्याला. स्टँडमध्ये खुर्ची ठेवतो. उभं राहायला नको त्याला."

त्यानं हे वाईट मनानं म्हटलं नाही. तेच मला जास्त लागलं. त्याच्या लेखी ते संपलेलं होतं.

"सांगते त्याला," मी म्हटलं.

डक्सबरी ऑफिसात चहा सांगायला गेला. आम्ही मैदान बघत निघालो. मैदानाची देखभाल करणाऱ्या सेथ हॅलमनं जानेवारीपासून त्यावर पेंढ्याचा जाड थर ठेवला होता, सामन्याच्या सकाळी तो ओढून बाजूला करायचा. मधल्या वर्तुळात पेंढा नुकताच सरकवलेला होता. खाली गवत पिवळं पण जिवंत. मी थर्मामीटर खुपसला, तो गेला. पारा शून्याच्या वर थांबला. दक्षिणेच्या गोलपाशी तसंच. दोन्ही कडांना तसंच. विल्फची टाच रुतत होती, अगदी हवी तेवढी.

"सेथनं कमाल केलीय," विल्फ म्हणाला. "देशभरात आज असं मैदान दोन-चार ठिकाणी असेल."

"आणि उत्तरेच्या गोलसमोर?"

"तिथं सावली असते."

"सावली दक्षिणेच्या स्टँडखाली पण असते." मी रुमाल उघडला. "हे बघ. पेंढा सेथनं कोरड्या गवतावर घातला होता. बर्फ वरून पडलेल्या हिमाचा असता तर काड्या त्याच्याखाली राहिल्या असत्या. जमिनीतून वर आलेल्या ओलीचा असता तर पातळ असता. ही काडी तरंगली आणि तशीच गोठली. पेंढ्यावर पाणी ओतलंय, भरपूर, काल संध्याकाळनंतर; दिवसा सेथ इथं असतो."

विल्फनं तुकडा हातात घेतला नाही. नुसता पाहिला.

"नळ फुटला असेल."

"सेथला विचारू."

सेथ मैदानाच्या कडेच्या रेषेपाशी पेंढ्याचे भारे बांधत होता. आम्ही जवळ गेलो तशी त्यानं टोपी काढली नाही, पण मागं सरकवली. एवढा आदर तो फारच थोड्यांना देतो.

"सेथ," विल्फ म्हणाला, "काल तू कितीपर्यंत होतास?"

"उजेड असतानाच गेलो. मॅनेजर म्हणाले, जा लवकर, बायकोला बरं नाही ना तुझ्या."

"काय झालंय तिला?" मी विचारलं.

"तिला जाऊन बरीच वर्षं झाली, बाई." त्यानं दोरीची गाठ आवळली. "म्हटलं, मॅनेजरांना आठवण आली हेच खूप आहे. गेलो."

"आणि रबरी नळी?"

"काल गुंडाळून खुंटीला होती. आज जमिनीवर होती, आत बर्फ धरलेली. मोडली माझी नळी." तो गोलकडे बघत राहिला. "पेंढा आधी बाजूला ओढायचा, मग पाणी मारायचं, मग पेंढा परत पसरायचा. मला सुद्धा कळलं नसतं. पण आयुष्यात कधी दाताळं हातात धरलं असेल तर ना. पेंढ्यावरूनच मारलं. ज्याला चोरी पण नीट करता येत नाही त्याच्या हाताखाली काम करतोय मी."

"हे तू सांगशील का कुणाला?" विल्फनं विचारलं.

"माझं घर क्लबचं आहे, मिस्टर ॲस्पिनॉल. माझं नाव घेऊ नका."

"नाही घेणार," विल्फ म्हणाला, आणि तो ते पाळणार हे सेथला माहीत होतं.

आम्ही मधल्या वर्तुळात परत आलो. रिकामे स्टँड, त्यांच्या पत्र्यांवरून थेंब गळत होते. मी विल्फला म्हटलं, "सामना होईल असं सांग."

"काय?"

"होईल म्हण. त्याची पाच पोरं आजारी आहेत. उरलेल्यांना घेऊन उतरू दे आणि सहा गोल खाऊ दे. सोमवारी संध्याकाळी तो या गावात नसेल."

"मुरिएल, त्या गोलसमोर काच आहे. फोडली तर कडा उभ्या राहतील, नाही फोडली तर पोरं घसरतील. कुणाचा तरी पाय जाईल."

"माहीत आहे."

विल्फ माझ्याकडे बघत राहिला. त्याच्या बघण्यात राग नव्हता. एखाद्या खेळाडूनं फाउल केला आहे की नाही याची खात्री नसते तेव्हा तो असं बघायचा.

"तुला चालेल?" त्यानं विचारलं.

मी विचार केला. खरोखर केला. लंडनच्या गोलकीपरला मी ओळखत नव्हते. आमच्या गोलकीपरच्या आईला ओळखत होते. ती आमच्या शाळेत स्वयंपाक करते. मला वाटलं होतं, उत्तर पटकन ‘नाही’ येईल. ते पटकन आलं नाही. वाट बघावी लागली.

"नाही," मी म्हटलं. "मग दुसरं कर. होणार नाही म्हण, आणि का होणार नाही ते खरं सांग."

"खरं सांगितलं तर लीगची चौकशी लागेल. समिती येईल. क्लबला दंड होईल, गुणही कापतील कदाचित. गाव आधीच खालच्या डिव्हिजनमध्ये जायला टेकलंय. लोक म्हणतील, ॲस्पिनॉलनं आपल्याला बुडवलं. या गावात मला कुणी चहा देणार नाही."

"मी देईन."

"तुझा चहा पातळ असतो," तो म्हणाला, आणि चालू लागला. "चल, आधी ऑफिसात जाऊ. मग बघू."

‘मग बघू’ हे दोन शब्द मी लग्नानंतर इतक्यांदा ऐकले आहेत की त्यांचा अर्थ मला कोशात बघावा लागत नाही.

ऑफिसात कोळशाची शेगडी धगधगत होती. क्लबचे सेक्रेटरी मिस्टर नटॉल टेबलामागं बसले होते; सभ्य, बारीक माणूस, चष्मा सारखा पुसणारा. टेलिफोन त्यांच्यासमोर. चहा आला होता, बेदाण्यांचा केकही. मी एक रिकामी बशी घेतली, त्यात बर्फाचा तुकडा ठेवला आणि बशी टेबलावर नटॉलसाहेबांच्या बाजूला सरकवली, शेगडीपासून लांब.

"हे काय आहे, मिसेस ॲस्पिनॉल?" त्यांनी विचारलं.

"तुमच्या उत्तरेच्या गोलसमोरची जमीन."

डक्सबरीनं बशीकडे एकदा पाहिलं. मग चहाची किटली ठेवायला जागा हवी म्हणून त्यानं बशी उचलली आणि शेगडीवरच्या फळीवर ठेवली, सहज, बोलता बोलता. "तर मग विल्फ, काय म्हणतोस? लंडनची मंडळी स्टेशनवर पोचायच्या आत कळवलेलं बरं."

मी उठले, बशी उचलली आणि परत टेबलावर ठेवली. काठानं पाणी सुटायला लागलं होतं. काडीचं एक टोक मोकळं झालं होतं.

"तिथं ओल होते," मी म्हटलं.

"बाईसाहेब, बर्फच आहे तो, चांदी नाही."

"म्हणूनच. चांदी राहिली असती."

नटॉलसाहेबांनी चष्मा पुसला आणि आत काय आहे ते वाकून बघितलं. त्यांना किती कळलं ते मला सांगता येणार नाही, पण ते परत सरळ बसले तेव्हा डक्सबरीकडे बघत नव्हते.

विल्फ उभाच होता. चहाचा कप हातात, पीत नव्हता. "पर्सी," तो म्हणाला, "उत्तरेच्या गोलसमोर पाणी मारलंय."

 मला वाटलं डक्सबरी नाकारेल. त्यानं नाकारलं नाही. खुर्ची ओढली, उलटी करून तिच्यावर बसला, हात खुर्चीच्या पाठीवर टेकले, जसा तो ड्रेसिंग रूममध्ये बसत असेल.

"बरं, मारलं. मग? पाच पोरं तापानं फणफणलीत. त्यांना उठवून उतरवू? की शाळेतली पोरं घालू शर्ट देऊन? मी कुणाला मारलं नाही, विल्फ. उलट वाचवतोय. आज खेळलो तर कुणीतरी जायबंदी होणार."

"तुम्हाला आता कळवळा आला," मी म्हटलं.

"मिसेस ॲस्पिनॉल, तुमच्याशी मी बोलत नाहीये."

"मी ऐकतेय फक्त. आमच्या घरी ऐकण्याचीच सवय आहे."

विल्फनं कप खाली ठेवला. हा टोला त्याला होता, आणि तो त्याला बसला.

"हे बघ," डक्सबरीनं आवाज खाली आणला. तो आता मैत्रीनं बोलत होता, खरोखरच्या मैत्रीनं, आणि पुढं जे बोलला ते त्याच मैत्रीतून. "थंडी म्हण. थंडीमुळं रद्द. यंदा थंडीला कुणी प्रश्न विचारत नाही. तू शहाणा माणूस आहेस. पन्नास साली पण शहाणपणा दाखवलास. मी विसरलो नाही ते. लीगच्या रेफ्रींच्या यादीत तुझं नाव त्याच उन्हाळ्यात गेलं ना? मुद्दाम कोण सांगतं अशा गोष्टी? पण एक शब्द टाकावा लागतो. मी टाकला होता. आमच्या चेअरमनच्या कानात, आणि त्यांनी पुढं. विल्फ ॲस्पिनॉल, भरवशाचा माणूस, नको तिथं तोंड उघडत नाही."

मला हे माहीत नव्हतं. विल्फकडे पाहिलं तेव्हा कळलं की त्यालाही माहीत नव्हतं.

त्याचा चेहरा पांढरा झाला नाही, लाल झाला नाही. त्यात काही हललंच नाही. पण त्याचा उजवा हात वर गेला आणि कोटाच्या छातीच्या खिशावर थांबला, जिथं तो दहा हंगाम शिट्टी ठेवायचा. खिसा रिकामा होता. घरी आमच्या जिन्याच्या भिंतीवर त्याचे फोटो आहेत: मोठ्या मैदानांवर, मोठ्या कप्तानांच्या मधे, नाणं उडवताना. क्लेम ते फोटो पुसतो. क्लेमला त्या फोटोंचा अभिमान आहे. दर शनिवारी विल्फ बॅग घेऊन निघायचा तेव्हा क्लेम दारात उभा राहून म्हणायचा, "जा दाजी, घरातला एक तरी पहिल्या डिव्हिजनमध्ये असू दे." विल्फला वाटायचं, ते त्यानं आपल्या टाचेवर आणि आपल्या डोळ्यांवर मिळवलं होतं.

मी त्या क्षणी काही बोलू शकले असते. बोलले नाही. तेरा वर्षं मी विल्फला टोचत आले होते, आणि डक्सबरीनं एका मिनिटात ते काम माझ्यापेक्षा चांगलं केलं होतं. मला त्याची दया आली नाही. मला बरं वाटलं. थंड, नीट मुरलेलं असं बरं.

"म्हणजे माझा क्लेमच्या पायावर सौदा झाला," विल्फ म्हणाला.

"सौदा काय, मी आपला..."

"आणि मला कुणी सांगितलं पण नाही."

"अरे, सांगायचं काय त्यात? तू समजूनच गप्प बसलास ना?"

"मी घाबरून गप्प बसलो होतो, पर्सी. ते वेगळं असतं."

डक्सबरी उठला. त्याला आत्ता कुठं जाणवलं असावं की खोलीतली हवा बदलली आहे. त्यानं नटॉलसाहेबांकडे पाहिलं. "नटॉल, तुम्ही काही ऐकलं नाही."

नटॉलसाहेब म्हणाले, "मी इथंच बसलोय, मिस्टर डक्सबरी." आणि चष्मा लावला.

"विल्फ, नीट विचार कर. चौकशी झाली तर पहिला प्रश्न तुलाच. तेव्हा का गप्प होतास? यादीत कसा आलास? तुझे ते सगळे सामने, सगळे फोटो, लोक थुंकतील त्याच्यावर. मी जाईन, मान्य. तुला बरोबर घेऊन जाईन."

"हो," विल्फ म्हणाला. "ते होईल."

"आणि क्लेमला काय सांगशील?"

 विल्फ टेबलापाशी गेला. बशीत आता अर्ध्याहून जास्त पाणी होतं. त्यानं बशीकडे बघितलं नाही. "नटॉलसाहेब, लीगच्या कचेरीचा नंबर लावून द्या."

नटॉलसाहेबांनी एक्स्चेंजला नंबर सांगितला. आम्ही वाट बघत उभे राहिलो. डक्सबरी खिडकीशी गेला, परत आला, पुन्हा गेला. एकदा मला म्हणाला, "तुम्हीच भरवलं हे त्याच्या डोक्यात." मी म्हटलं, "मी फक्त तापमान मोजलं." बाहेर मैदानावर सेथ भारे उचलून गाड्यावर टाकत होता, जणू सामना होणारच आहे.

फोन लागला. नटॉलसाहेबांनी तो विल्फकडे दिला. विल्फ सरळ उभा राहिला. फोनवर बोलताना तो नेहमी असाच उभा राहतो, पलीकडचा माणूस बघतोय असं समजून.

"ॲस्पिनॉल बोलतोय, कॅल्डरबीहून. सामना होणार नाही." तो ऐकत राहिला. "नाही, थंडीमुळं नाही. मैदान चांगलं आहे. उत्तरेच्या गोलसमोर काल संध्याकाळी मुद्दाम पाणी मारलंय. हो, क्लबकडूनच. मॅनेजरनं माझ्यासमोर कबूल केलंय, सेक्रेटरी हजर आहेत."

पलीकडून बराच वेळ काहीतरी विचारलं जात होतं. आवाज ऐकू येत होता, शब्द नाहीत. विल्फनं डक्सबरीकडे मान वळवली आणि त्याच्यावरची नजर न काढता बोलला.

"येईन, समितीपुढं येईन. त्याच्या तोंडावर सांगेन. आणि त्या वेळी माझी दुसरीही साक्ष घ्या. पन्नास सालच्या फेब्रुवारीत क्लेम ऑर्मरॉड हट्टानं उतरला नव्हता. हाड हललंय म्हणून तो सांगत असताना पर्सी डक्सबरीनं त्याला डाव्या कडेला उभा केला. लाइनवर मी होतो, मी ऐकलं, आणि मी गप्प राहिलो. आता मी बोलणार आहे."